क्राबीत बेटांसाठी एकच दिवस: आधी तिथी बघा, मग बेटं ठरवा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: जानेवारीत तुम्ही दोघं थायलंडमधल्या क्राबीला चाललात, तिथल्या आओ नांगच्या किनाऱ्यावर चार रात्री मुक्काम, त्यातला एकच दिवस बेटांसाठी. नवऱ्याला फी फी बेटं आणि तिथला माया बे हा किनारा बघायचाय. तुम्हाला पोहता येत नाही आणि बोट लागते. टूरवाल्याने ‘फोर आयलंड्स’, ‘सेव्हन आयलंड्स’, ‘हाँग’ आणि ‘फी फी’ असे चार पर्याय पाठवलेत. घ्यायचा कोणता?

या वेळी फी फी सोडा. उरलेल्या तिघांतलं कुठलं, ते तुमच्या तारखांची तिथी ठरवेल. कालनिर्णय काढा आणि त्या चार दिवसांत पौर्णिमा किंवा अमावास्या किती जवळ आहे ते बघा. इथे बहुतेक जण बोटीची किंमत, जेवणाचा डबा आणि बेटांची संख्या यांची तुलना करतात. पाण्याची वेळ कुणी विचारत नाही, आणि क्राबीचा दिवस बनतो किंवा बिघडतो तो पाण्याच्या वेळेवर.

टूरच्या प्रत्येक जाहिरातीत समुद्राच्या मधोमध पांढऱ्या वाळूची एक वाट दिसते आणि तिच्यावरून जोडपी चाललेली असतात. ती तले वेक, फोर आयलंड्सच्या टूरमधली. तुप, मोर आणि कोंबडीच्या मानेसारखा सुळका असलेलं चिकन आयलंड, ही तीन बेटं सुकतीच्या, म्हणजे पूर्ण ओहोटीच्या वेळी त्या वाळूच्या दांड्याने जोडली जातात. भरतीला दांडा पाण्याखाली जातो. हाजीअलीची वाट जशी भरतीत बुडते आणि ओहोटीत मोकळी होते, तसंच हे, फक्त इथे बांधलेलं काही नाही. आता सकाळी नऊला निघणारी टूर तिथे दहा-अकराला पोहोचते. नेमकी तेव्हा भरती असली तर कंबरभर पाणी दिसतं, गाईड हात करून ‘इथे वाळू असते’ म्हणतो आणि बोट पुढे जाते. यात टूरवाल्याची लबाडी नसते. त्याचं वेळापत्रक रोज तेच असतं, समुद्राचं रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकतं.

माझं लहानपण वर्सोव्यात गेलं. तिथे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगायची पद्धत आहे: चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि नऊला पूर्ण ओहोटी. हे गणित मुंबई-कोकण किनाऱ्याचं आहे, ते घड्याळ जसंच्या तसं थायलंडला लावू नका. पण चंद्र तोच आहे. पौर्णिमा-अमावास्येला तिथेही उधाण, अष्टमीच्या आसपास तिथेही भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी. क्राबीच्या बाजूला पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती सकाळी दहा-अकराच्या दरम्यान येते आणि पाणी सर्वांत खाली जातं ते दुपारी चार-पाचच्या सुमारास. एवढं डोक्यात ठेवलं की पुढचं सगळं आपोआप सुटतं.

तुमच्या दिवसांत एकादशी ते चतुर्दशी येत असेल, शुक्ल असो की वद्य, तर फोर आयलंड्स घ्या. त्या दिवसांत सुकती दुपारी दीड ते साडेतीनच्या दरम्यान पडते आणि उधाण जवळ आल्यामुळे पाणी चांगलं खाली जातं. द्वादशी-त्रयोदशी सगळ्यांत उत्तम. पण मग सकाळची ठरावीक टूर घेऊ नका. दोघांसाठी स्वतंत्र लाँगटेल, म्हणजे तिकडची लांब लाकडी बोट करा आणि तांडेलाला सांगा की तले वेक दुपारी हवंय, बाकी बेटं त्याच्या मागेपुढे लाव. आओ नांगच्या किनाऱ्यावर लाँगटेलवाल्यांच्या तिकीट खिडक्या आहेत, अर्ध्या आणि पूर्ण दिवसाचे दर फलकावर लिहिलेले असतात. दर बोटीचा असतो, त्यामुळे दोघांनाच घेतली तर माणशी महाग पडते. तरी माझं मत ठाम आहे: सगळ्या सहलीत एकाच ठिकाणी जास्तीचे पैसे घालायचे असतील तर ते इथे घाला. खोलीतून समुद्र दिसावा म्हणून तेवढेच पैसे जातात, आणि खोलीत तुम्ही झोपायलाच येणार.

पौर्णिमा किंवा अमावास्येपासून पुढची तृतीया-चतुर्थी असेल तर गणित उलटं होतं. तेव्हा भरती दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान, म्हणजे टूरच्या ऐन वेळेत, आणि वाळूचा दांडा दिसायचा तर सकाळी लवकर किंवा अंधार पडताना. हे दिवस हाँग बेटाचे. हाँगच्या पोटात एक खारं तळं आहे, चहूबाजूंनी चुनखडीचे उभे कडे आणि आत जायला एक अरुंद फट. पाणी पुरेसं असेल तरच बोट त्यातून आत शिरते. उतरत्या पाण्यात बोट बाहेरूनच परत फिरते आणि लोक नाराज होतात. भरतीला आत गेलात की पाणी हिरवंगार आणि एकदम शांत, लाट नावाला नाही. पोहता न येणाऱ्या माणसासाठी याहून चांगली जागा मला त्या बाजूला माहीत नाही. हाँगचा राष्ट्रीय उद्यानाचा वेगळा कर आहे, परदेशी प्रौढाला माणशी 300 बाट, तो बहुतेक टूरच्या किमतीत धरलेला नसतो. बेटावर पायऱ्या चढून वर जायचा मनोराही आहे. पायऱ्या बऱ्याच आहेत, ऊन चढायच्या आत चढा.

अमावास्या अगदी तोंडावर असेल तर मात्र सेव्हन आयलंड्सची दुपारी निघणारी टूर घ्या. सात बेटं ऐकून घाबरू नका, त्यातली बरीचशी फोर आयलंड्सचीच आहेत आणि काही नुसते समुद्रातून वर आलेले खडक. खरी गोष्ट वेगळी आहे. अमावास्येला सुकती चार-पाचला, म्हणजे ही बोट तले वेकला पोहोचते तेव्हा वाळू उघडी असते. मग किनाऱ्यावर सूर्यास्त, जेवण, आणि अंधार पडल्यावर बोट एका आडोशाला थांबवून दिवे बंद करतात. पाण्यात हात फिरवला की निळसर ठिणग्या उठतात. पाण्यातले सूक्ष्म जीव ढवळले गेले की चमकतात, आपल्याकडे जुहूला काही वर्षी रात्री लाटा निळ्या दिसल्या होत्या तो याच जातीचा प्रकार. चांदणं असेल तर हे जवळजवळ दिसत नाही. म्हणूनच पौर्णिमेला ही टूर घेणाऱ्यांची निराशा होते आणि अमावास्येला घेणारे वेडे होऊन परत येतात. यासाठी पाण्यात उतरावंच लागत नाही. शिडीवर बसून पाय सोडले तरी पायाभोवती उजेड होतो.

अष्टमी-नवमीला भांग असतो, पाणी ना पुरतं चढत ना पुरतं उतरत. त्या दिवसांत दांडा अर्धवटच उघडा पडतो. तेव्हा तले वेकचा नाद सोडून पोडा बेट आणि फ्रा नांगचा किनारा यांवर दिवस घालवा. तोही दिवस वाया जात नाही. नेमकी वेळ मिनिटांत हवी असेल तर आओ नांगचा भरती-ओहोटीचा तक्ता इंटरनेटवर मिळतो, बोट ठरवण्याआधी तो उघडून खात्री करून घ्या.

आता फी फी नको का म्हणते ते सांगते, म्हणजे घरी वाद होणार नाही. आओ नांगहून स्पीडबोटीने पाऊण ते एक तास जाताना आणि तेवढाच येताना. उघड्या समुद्रात स्पीडबोट लाटांवर आपटत जाते, ज्याला बोट लागते त्याचा दिवस तिथेच संपतो. दुसरं असं की नवऱ्याला ज्या माया बेची ओढ आहे तिथे आता पोहता येत नाही. माणसांच्या आणि बोटींच्या गर्दीने तिथलं प्रवाळ इतकं खराब झालं होतं की जून 2018 मध्ये तो किनारा बंद केला, आणि जानेवारी 2022 मध्ये उघडला तो नवे नियम लावून. बोटी आता समोरून आत येत नाहीत, मागच्या लो समा खाडीत लागतात आणि तिथून लाकडी वाटेने चालत जायचं. पाण्यात फक्त पाय भिजवायचे. दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तो पुन्हा बंद ठेवतात. मला हे नियम मनापासून पटतात, बंदीनंतर काळ्या टोकाच्या पंखांचे छोटे शार्क त्या उथळ पाण्यात परत आले. पण 400 बाट उद्यानकर भरून, दोन तास आपटत, गर्दीत फोटो काढायला एवढ्या लांब जायचं की जवळच्या बेटावर दुपारभर निवांत डुंबायचं, हे त्यांनी ठरवावं. फी फी बघायचंच असेल तर पुढच्या खेपेला मोठ्या फेरीने जाऊन फी फी डॉनवर एक रात्र राहा आणि भल्या सकाळी तिथूनच लाँगटेलने मायाला जा. फेरी स्पीडबोटीइतकी आपटत नाही, आणि दिवसाच्या टूर पोहोचायच्या आत तुमचं बघून झालेलं असतं.

बोट लागण्याबद्दल. जायच्या आधी एखाद्या रविवारी गेटवेहून मांडव्याला जाऊन या. तासाभराचा प्रवास आहे, त्यात काय होतं ते कळेल. त्रास झाला तर तुमच्या डॉक्टरांना विचारून गोळी घ्या आणि ती बोटीत चढायच्या आधी वेळेवर घ्या. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. बसायचं मागच्या बाजूला, नजर क्षितिजावर, मोबाइल खाली. पोट रिकामं ठेवू नका आणि तुडुंबही भरू नका. आलेपाकाच्या वड्या बरोबर ठेवा, मला त्यांचा खरंच आधार वाटतो. लाँगटेल हळू जाते, उघडी असते, वारा लागतो, म्हणून ती कमी त्रासाची. आवाज मात्र प्रचंड असतो, कारण गाडीचं इंजिन लांब दांड्याला लावून चालवतात. गप्पा बेटावर.

पोहता येत नाही म्हणून बोटीत बसून राहू नका, एवढी माझी विनंती आहे. लाइफ जॅकेट मापाचं मागून घ्या, सगळे बक्कल लावा आणि पायांतून घ्यायचा पट्टा असेल तर तोही, नाहीतर पाण्यात जॅकेट वर सरकून हनुवटीला येतं. स्नॉर्कलिंगचा मुखवटा आधी पोडाच्या उथळ पाण्यात, उभं राहून, नवऱ्याचा हात धरून वापरून बघा. नुसतं तोंड पाण्यात घालायचं आणि तोंडाने श्वास घ्यायचा. ते जमलं की खोल पाण्याच्या ठिकाणी शिडीला धरून खाली बघा, मासे तिथेच येतात. प्रवाळावर पाय ठेवू नका, ते जिवंत असतं आणि कापतंही. नवऱ्याला तासभर मनसोक्त पोहू द्या, पण तो तास आधी ठरवून घ्या. एक जण पाण्यात आणि दुसरा बोटीत ताटकळत, यातून पुष्कळ जोडप्यांची दुपार नासते. स्वतंत्र बोटीचा हाच मोठा फायदा, थांबायची वेळ तुमच्या हातात असते.

किरकोळ पण महत्त्वाचं. लाँगटेलमध्ये किनाऱ्यावरून चढताना गुडघा-मांडीभर पाण्यातून जावं लागतं, तसे कपडे घाला आणि पैसे-पासपोर्ट पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवा. बोटीच्या नाळेवर रंगीत कापडं आणि फुलं बांधलेली असतात, ती बोटीच्या देवीची, मे या नांगची. त्यावर पाय देऊ नका, फोटोसाठी तिथे चढून बसू नका. फ्रा नांगच्या गुहेतही कोळ्यांनी नवसाला वाहिलेली लाकडी लिंगं दिसतील, ते पूजेचं ठिकाण आहे, त्या भावनेनेच बघा.

सनस्क्रीन इथून नेणार असाल तर डबीमागची यादी वाचा. ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनोक्सेट, फोर-मिथाइलबेन्झिलिडीन कॅम्फर किंवा ब्यूटिलपॅराबेन असलेली सनस्क्रीन थायलंडच्या सागरी उद्यानांत 2021 पासून बंद आहेत, दंड एक लाख बाटपर्यंत होऊ शकतो. लांब बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट घातला तर क्रीम लागतंही कमी.

तुम्ही मासे खात नाही असं लिहिलंय, म्हणून एवढंच: नुसतं ‘व्हेज’ म्हटलं तरी भाजीत माशाचा सॉस पडतो, त्यांना त्यात मांसाहार वाटत नाही. ‘जे’ म्हणा, म्हणजे पूर्ण शाकाहारी असं त्यांना समजतं. बेटावरच्या डब्याची खात्री नसेल तर फळं आणि घरचे ठेपले किंवा दशम्या न्या, पण कचरा आठवणीने परत आणा. आणि निघायच्या आधीच्या तीन दिवसांत थायलंडचं ऑनलाइन आगमनपत्र भरा, मे 2025 पासून ते सक्तीचं आहे आणि फुकट आहे, त्यासाठी कुणालाही पैसे देऊ नका.

विमानाची तिकिटं झाली की तारखा इथे लिहा. तक्ता बघून कुठल्या दिवशी कुठली बोट आणि किती वाजता निघायचं ते सांगते.