खिंडीखिंडीची वेळ लिहून ठेवा

डोंगर-टपाल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काका, मी चौतीस वर्षांची, शाळेत गणित शिकवते. राजगड–तोरणा ग्रुपबरोबर तीनदा झालाय. येत्या डिसेंबरात राजगड–तोरणा–रायगड एकटीनं करायचं डोक्यात आहे. घरचे म्हणतात वेड लागलंय. तुम्ही काय म्हणता?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, वेड लागलंय की नाही ते कागद बघितल्याशिवाय मला सांगता येणार नाही. कुठला कागद ते पुढे सांगतो, आधी वाट बघू.

राजगड–तोरणा तुमच्या पायाखालचा आहे, तरी ग्रुपमध्ये चालणारा माणूस निम्मा वेळ पुढच्याची पाठ बघत असतो. एकट्यानं गेलं की तीच डोंगरधार निराळी दिसते. राजगडाच्या संजीवनी माचीच्या अळू दरवाज्यातून बाहेर पडलात की उतार सुरू होतो, खिंडीत भुतोंड्याकडे जाणारा डांबरी रस्ता ओलांडायचा आणि पुन्हा चढ. हा रस्ता लक्षात ठेवा. पाय मुरगळला, ताप वाटला, नुसतं मन लागेना, तर परत फिरायची सगळ्यात सोपी जागा हीच. त्यानंतर तोरण्याच्या बुधला माचीपर्यंत डोंगरधार सोडून खाली उतरणं म्हणजे कुठल्यातरी सोंडेवरून अंदाजानं जाणं, आणि ते एकट्याचं काम नाही.

या धारेवर भरवशाचं पाणी नाही. धनगरांची घरं लागतात, तिथं ताक मिळतं, पण त्यांच्या हंड्यावर आपला हिशोब मांडायचा नाही. त्या बाया ते पाणी डोक्यावरून आणतात. राजगडावरून निघताना ४ लिटर घ्या. जड होतं, होऊ द्या. दुपारनंतर ऊन समोरून तोंडावर येतं आणि डिसेंबरात वाळलेलं गवत मुरमावर पसरलेलं असतं. त्याच्यावरून पाय असा सटकतो, की खाली बेअरिंगच्या गोळ्या टाकल्यात असं वाटावं. बुधला माचीवर चढायच्या टप्प्याला उजेड हाताशी हवा, म्हणून राजगड सकाळी ६ला सोडा. सहा ते आठ तास धरा. रेंगाळायची सवय असेल तर नऊ.

(जाता जाता : २०२५मध्ये युनेस्कोच्या यादीत आपले किल्ले गेले, त्यात राजगड आहे, रायगड आहे, तोरणा नाही. ज्या गडापासून सुरुवात झाली तोच बाहेर. १४०३ मीटर उंचीवर बसून तो हे सगळं बघतो आहे. मला ते लागतं, म्हणून लिहिलं.)

तुम्हाला अनोळखी मुलूख आहे तो तोरण्यापुढचा. भगत दरवाज्यानं उतरून हारपुड, वरोती ही गावं करत मोहरी गाठायची. हा सबंध प्रवासातला सगळ्यात लांब दिवस आणि वाट चुकण्याचा दिवसही हाच. इथं कड्यापेक्षा ढोरवाट जास्त फसवते. माणसाची वाट कुठंतरी जायला निघालेली असते. ढोरवाट चाऱ्याला जाते आणि चारा संपला की संपते. पण सुरुवातीला ढोरवाट जास्त मळलेली दिसते, कारण रोज पन्नास खूर तिच्यावरून जातात.

हे मला १९९३च्या डिसेंबरात कळलं. एकटाच होतो. वरोतीच्या पुढे चांगली ठसठशीत वाट दिसली म्हणून धरली. तासाभरानं कारवीत शिरलो. कारवी डोक्याच्या वर, सॅक अडकतेय, वाट अशी नाहीच. दहा पावलं पुढे गेलो आणि एकदम समोर उजेड आला. बरं वाटलं. मग कळलं, उजेड यायचं कारण पुढे जमीनच नाही. कोकणचा कडा! सूर्य बुडाला होता. तिथंच कारवीच्या बुंध्याला पाठ टेकून बसलो. बाटलीत दोन घोट पाणी होतं. एक रात्री प्यालो, एक सकाळसाठी ठेवला, आणि रात्रभर त्या एका घोटाचाच विचार केला. खाली कोकणातले दिवे दिसत होते. एक वाहन बराच वेळ वळणं घेत चाललेलं, त्याच्या दिव्यांकडे बघत बसलो. उजाडल्यावर गुराच्या गळ्यातली लाकडी घंटा वाजली. आवाज माझ्या वरून येत होता. वाट वर होती, मी आख्खी संध्याकाळ तिच्या खालून चाललो होतो.

घरी एक दिवस उशिरा पोचलो. बायको काही बोलली नाही. जेवण वाढलं आणि मग म्हणाली, ''मी कुणाला सांगायला गेले असते, तर काय सांगणार होते? किल्ल्यावर गेलेत म्हणून?''

ताई, मी स्वारगेटला कंट्रोलर होतो. छत्तीस वर्षं खिडकीत बसून गाडी सुटायची वेळ लिहिली. गाडी वेळेत पोचली नाही की पुढच्या डेपोला फोन लावायचा, हे माझं काम. आणि स्वतःच्या गाडीची नोंद मी कुठंच केली नव्हती. ग्रुपमध्ये ''चला, आता मागं फिरू'' म्हणणारा कोणीतरी असतो. एकट्याला तो माणूस घरी बसवून जावं लागतं.

तर तो कागद. एका बाजूला रोजचा मुक्काम, मधल्या खिंडी, गावं आणि प्रत्येकीसमोर दोन वेळा : केव्हा पोचायचं आणि किती वाजेपर्यंत पोचलो नाही तर मागं फिरायचं. दुसऱ्या बाजूला घरच्यांसाठी : अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही, तर ११२ला आणि महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरच्या हेल्पलाइनला कळवायचं, शेवटचा निरोप कुठून होता ते सांगायचं. ही वेळ तुम्ही ठरवा, पण तीन-चार तासांची सूट ठेवूनच. धारेवर रेंज चांगली असते, खिंडीत आणि नाळेत, म्हणजे धोंड्यांनी भरलेल्या अरुंद घळीत, मरते. तेव्हा निरोप उतरायच्या आधी टाकायचा.

मोहरीहून बोराट्याच्या नाळेनं लिंगाण्याच्या खिंडीत आणि तिथून पाने गावात उतरतात. इथं माझं मत स्पष्ट आहे : नाळेत एकटीनं उतरू नका. मोठाले धोंडे, त्यातला कुठला हलतो ते पाय ठेवल्यावर कळतं, आणि तिथं अडकलात तर हाक वरही जात नाही आणि खालीही. मोहरीतला एखादा माहीतगार पानेपर्यंत सोबत घ्या, त्याचा रोज द्या. अर्धा दिवस सोबत घेतल्यानं तुमचं एकटेपण बाटत नाही. लिंगाण्याचा सुळका अगदी समोर उभा असतो. तो उभं राहून बघा, चालता चालता नको.

राहिलं बाईमाणसानं एकटं मुक्काम करण्याचं. त्यावर मी शहाणपणा शिकवणं बरं दिसत नाही, म्हणून भाचीला विचारलं. ती या वाटांवर बरीच हिंडली आहे. तिचं म्हणणं : गावात पोचल्यावर पुढच्या ओटीवर बसायचं नाही, सरळ चुलीकडच्या दारात जाऊन घरातल्या बाईशी बोलायचं, तिनं होय म्हटलं की जागा पक्की. आणि वाटेत कुणी विचारलं तर ''मागून मंडळी येताहेत'' एवढंच सांगायचं. हे वाक्य मी लिहून घेतलं, मलाही उपयोगी आहे.

कागद तयार झाला की मला पाठवा. गणिताच्या बाई आहात, बेरीज चुकणार नाही.

प्रश्न : धारेवर तंबू नेमका कुठं लावावा?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : खिंडीत नको, वारा सगळा तिथूनच वाट काढतो. कड्याखाली बघाल, तर आधी मान वर करून आग्यामोहोळ आहे का पाहा. असेल तर धूर नको, अत्तर नको, आरडाओरडा तर नकोच. वाऱ्याच्या आडोशाला, पठारावर, कड्यापासून लांब जागा बघा. खरं म्हणजे राजगडाला पद्मावतीचं आणि तोरण्याला मेंगाईचं देऊळ असताना पाठीवर तंबू कशाला? गडावरच्या मुक्कामाचे नियम बदलत असतात, ते मात्र पायथ्याला विचारून घ्या. खाऊची पिशवी दोरीला टांगा. उंदीर तुमच्यापेक्षा जुने रहिवासी आहेत.

प्रश्न : माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. मे महिन्यात एकटाच असा लांबचा ट्रेक करणार म्हणतो. त्याला कसं अडवू?
— एक आई, सातारा

उत्तर : वहिनी, मे म्हणतोय म्हणून अडवा, एकटा म्हणतोय म्हणून नको. मे महिन्यात टाकी आटलेली असतात, पाण्याची गाठ कुठं पडेल ते सांगता येत नाही. शिवाय दुपारी चार-पाचला वळीव येतो आणि उघड्या धारेवर विजेला सगळ्यात उंच वस्तू आपले चिरंजीव असतात. नोव्हेंबरपर्यंत थांब म्हणा. तोवर एकट्यानं एकदिवसाचे चार गड करू दे, आणि कोथरूडच्या ताईंना सांगितलाय तसला कागद दर वेळी तुमच्या हातात देऊ दे. चारही वेळा लिहिलेल्या वेळेत फोन आला तर जाऊ द्या. नाही आला तर पुढच्या वर्षी बघू.

प्रश्न : इतकं चालून आल्यावर रायगड पायऱ्यांनी चढावा की रोपवेनं जावं?
— एक वाचक, महाड

उत्तर : पायऱ्यांनी. चार दिवस तंगडतोड करून शेवटी डब्यात बसून वर जायचं म्हणजे काय! २०१९ला मी स्वतः हिरकणीवाडीहून रोपवेनंच गेलो, डावा गुडघा वाकत नव्हता. महाडकर आहात, कुणाला सांगू नका.