रंगीबेरंगी, आखूड शेपटीचा, जंगलात जमिनीवर उड्या मारत फिरणारा पक्षी कोणता?

हा नवरंग असणार. जेमतेम वीतभर, पाठ हिरवी, पोट पिवळट, डोळ्यावरून काळा जाड पट्टा आणि शेपटीखाली लालभडक, म्हणजे एवढे रंग असूनही पाचोळ्यात उभा राहिला की दिसत नाही राव. तिथेच चोचीने पानं उलटीपालटी करून किडे, गांडुळं खातो, शेपटी हळूहळू वरखाली हलवत. हिवाळ्यात दक्षिण भारत, श्रीलंकेत असतो, पावसाच्या तोंडावर आपल्याकडे येतो आणि जमिनीवर किंवा खालच्या फांदीवर काड्यापानांचं गोल घरटं करतो. पहाटे-संध्याकाळी दोन सुरांची खणखणीत शीळ घालतो, तमिळमध्ये तर नावच 'सहा वाजताचा पक्षी' अशा अर्थाचं आहे. आधी शीळ ऐका, मग शोधा.