हातात राहिलेला एक्स

“मॅडम, सेमी इंग्रजीला टाकली आणि पोरगी मुकी झाली. आम्ही चुकलो का?” जळगावात समुपदेशन करताना हा प्रश्न मला बऱ्याच घरांतून येतो. या वेळी विचारणारी आई अमळनेरची होती आणि मुलगी आठवीतली. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) घरात अहिराणी, सातवीपर्यंत सगळं मराठीतून, आणि जूनपासून गणित-विज्ञान इंग्रजीत. वर्गात ती तोंडच उघडेना.

मुलीशी एकटीशी बोलले तेव्हा कळलं, गोष्ट जूनच्या आधीची होती. मे महिन्यात पुण्याचा आतेभाऊ आला होता. उन्हामुळे दुपारभर घरातच बसायचं, म्हणून त्यानं स्क्रॅबल मांडलं, म्हणजे गुण लिहिलेल्या अक्षरांच्या टाइल्स बोर्डावर लावून इंग्रजी शब्द जुळवायचा खेळ. ती पाचही डाव हरली. “माले काहीच येत नही,” ती खाली मान घालून म्हणाली.

मी म्हटलं, शेवटचा डाव आठवून सांग. तिनं अक्षरन् अक्षर सांगितलं. एक्स तिच्या हातात जवळजवळ सुरुवातीपासून होता. मोठा शब्द सुचेल म्हणून तिनं तो राखून ठेवला. आतेभावाच्या टाइल्स आधी संपल्या आणि एक्सचे 8 गुण तिचे कमी होऊन त्याला मिळाले.

मी बोर्ड काढला. ‘गार्डन’ (garden) हा सहा अक्षरी शब्द साध्या घरांवर लावला तर गुण होतात फक्त 8. मग अक्षराचे गुण तिप्पट करणारं एक घर दाखवलं. त्याच्या डावीकडे ए, वर ओ. तिथे नुसता एक्स ठेवला की आडवा ‘एएक्स’ (ax, कुऱ्हाड) आणि उभा ‘ओएक्स’ (ox, बैल), दोन शब्द होतात. तिप्पट दोन्हीकडे मोजतात, म्हणजे एक्सचे 24 आणि शेजारच्या अक्षराचा 1, असे 25 आणि 25. एका टाइलचे 50! तिनं बोटांवर पुन्हा मोजलं. सातही टाइल्स एकदम लावल्यावर जो बोनस मिळतो, तोही 50चाच.

नायजेल रिचर्ड्सचंही सांगितलं. न्यूझीलंडचा हा खेळाडू 2015 मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचा जगज्जेता झाला, तेही फ्रेंच बोलता येत नसताना. ती विलक्षण स्मरणशक्ती आहे, तशी अपेक्षा मुलांकडून अजिबात करू नये. पण तिला एक हवं होतं ते मिळालं: हा खेळ इंग्रजीची परीक्षा नाही, तो बराचसा मोजणीचा आणि जागा हेरण्याचा आहे.

पुढच्या भेटीत तीच म्हणाली, “वर्गात पण मी तसंच करते. पूर्ण वाक्य बरोबर जमेल तेव्हाच बोलू, असं वाटतं. तोवर तास संपतो.” हे तिचं तिला दिसलं, मला सांगावं लागलं नाही.

आईला मी दोनच गोष्टी सांगितल्या. माध्यम लगेच बदलू नका; आणि ती अर्धं वाक्य बोलली तर ते मध्येच दुरुस्त करू नका. मुलीला दोन अक्षरी शब्दांची वही करायला लावली. चार एस आणि कुठल्याही अक्षराच्या जागी चालणाऱ्या दोन कोऱ्या टाइल्स जपून वापरायच्या, पण क्यू, झेड, एक्स साठवायचे नाहीत. कुठला शब्दकोश मानायचा ते डाव मांडण्याआधी ठरवायचं, नाहीतर ‘असा शब्दच नसतो’ म्हणणारा मोठा भाऊ जिंकतो.

विज्ञानाच्या तासाला तिनं पहिलं उत्तर एकाच शब्दात दिलं. दिवाळीत आतेभाऊ आला. ती हरलीच. पण ‘परत मांड’ ती म्हणाली, आईनं फोन करून मला तेवढंच सांगितलं.