वाळूच्या टेकड्यांवरचे जंगल परत येते का?

प्रश्न : समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्या खनिजांसाठी उपसल्यानंतर तेथे झाडे लावली जातात. एवढ्याने मूळची वनस्पतिसृष्टी परत येते, की केवळ हिरवळ दिसते?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. इल्मेनाइट, रुटाइल, झिरकॉन ही जड खनिजे काढून घेतल्यावर उरलेल्या वाळूला टेकडीचा जुना आकार देता येतो. पण त्या धुतलेल्या वाळूत ना कुजलेला पाला असतो, ना बी, ना मुळांना साथ देणारी बुरशी. ते सारे असते वरच्या वीतभर मातीत. म्हणून ही माती आधीच वेगळी काढून लगेच नव्या टेकडीवर पसरणे, हे मी या कामातले सर्वांत मोलाचे पाऊल मानतो. तिचा ढीग फार दिवस पडून राहिला, तर आत खोलवरचे बी ओलाव्याने अंकुरते आणि उजेडाअभावी तेथेच कुजते.

दक्षिण आफ्रिकेतील रिचर्ड्स बे येथे १९७०च्या दशकापासून हे काम चालू आहे. तेथे वारा अडवायला गोणपाटाचे आडोसे उभारतात आणि पसरलेल्या मातीत ताग, ज्वारी, बाजरी पेरतात. ही पिके लवकरच वाळून जातात. तोवर त्यांच्या सावलीत मातीतले मूळचे बी रुजलेले असते. त्यातून प्रथम स्थानिक बाभळीचे दाट, एकसुरी रान माजते, जे पाहून नवख्या माणसाचा विरस होतो. परंतु तीच बाभूळ जमिनीत नत्र साठवते, आणि तिची जुनी झाडे पडून उजेड आत आला की पक्ष्यांनी व माकडांनी शेजारच्या शाबूत जंगलातून आणलेल्या बिया तेथे मूळ धरतात. अर्थात शेजारी असे जंगल राखले असेल तरच. इतके करूनही कित्येक दशकांनंतरचे रान जुन्या जंगलाची बरोबरी करत नाही. शिवाय तेथील बऱ्याच जमिनीवर जंगलाऐवजी सुरूची लागवड झाली, हेही सांगायला हवे.

झटपट हिरवळीचा मोह किती महागात पडतो, ते ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सने पाहिले आहे. तेथे वाळू धरून ठेवण्यासाठी १९४६ ते १९६८ या काळात बिटू बुश हे झुडूप मुद्दाम लावले गेले. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ते मूळचेच आहे. ऑस्ट्रेलियात मात्र त्याने स्थानिक झाडोरा गुदमरवला, आणि ते उपटण्याचे काम आजही संपलेले नाही.

अशा एखाद्या टेकडीवर गेलात, तर झाडांची उंची पाहू नका. खाली वाकून पाला बाजूला सारा आणि कोणीही न लावलेली, वेगवेगळ्या जातींची रोपे तेथे उगवली आहेत का, ते पाहा.