बाबांची पद्मिनी आणि ऑइलचा घोळ

प्रश्न: आमच्याकडे बाबांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी आहे, बाबा गेल्यापासून सहा वर्षं अंगणात झाकून ठेवलीये, आता चालू करायची आहे. शहरातला गॅरेजवाला म्हणतो ५डब्ल्यू-३० फुल सिंथेटिक टाका, महाग आहे पण बेस्ट. बाबांचे जुने मिस्त्री म्हणतात साधं ४० नंबर टाका, हिला तेच चालायचं. कुणाचं ऐकू? – एक वाचक, सातारा

उत्तर: मिस्त्रींचं. फक्त साध्या ४० ऐवजी चांगल्या कंपनीचं मिनरल (म्हणजे सिंथेटिक नसलेलं) २०डब्ल्यू-५० घ्या (डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड ऑइलचा, नंतरचा गरम ऑइलचा, आकडा मोठा तितकं ऑइल दाट), म्हणजे सकाळी थंड इंजिनात ते बऱ्यापैकी पातळ राहील आणि खंबाटकी घाटात इंजिन तापलं की ५० नंबरसारखं दाट राहील. साधं ४० टाकलं तर गाडी बिघडणार नाही हो, पण गार इंजिनात ते वरपर्यंत पोचायला वेळ लावतं.

५डब्ल्यू-३० वाईट ऑइल नाहीये, ते या इंजिनासाठी नाहीये. पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनाचं मूळ डिझाइन दुसऱ्या महायुद्धाच्याही आधीचं, फियाटचं. त्यातल्या फटी आजच्या इंजिनापेक्षा मोठ्या, वर ४०-४५ वर्षांची झीज, त्यात पातळ ऑइल घातलं की गरम झाल्यावर प्रेशर पडतं, सिग्नलला उभं राहिलं की ऑइलचा लाल दिवा मिणमिणायला लागतो आणि जुन्या सीलमधून थेंब थेंब गळती सुरू.

दुसरी गोष्ट टॅपेटची, आणि हे गॅरेजमध्ये सहसा कुणी सांगत नाही. टॅपेट म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडायला लावणारे छोटे दट्टे, आणि त्यांना ढकलणारा फिरता उंचवटा म्हणजे कॅम. आपल्या गाडीत टॅपेट सपाट आहेत, कॅमवर थेट घासतात, मध्ये रोलर वगैरे काही नाही, तिथे धातूला वाचवतो तो ऑइलमधला झिंक-फॉस्फरसचा थर. फॉस्फरसमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (नव्या गाड्यांत धूर स्वच्छ करणारा भाग) खराब होतो म्हणून नव्या एपीआय एसएन, एसपी दर्जाच्या (डब्यावर लिहिलेला ऑइलचा दर्जा) ३० नंबरपर्यंतच्या पातळ ऑइलमध्ये तो ०.०८ टक्क्यांच्या वर ठेवत नाहीत. आपल्या पद्मिनीला कन्व्हर्टरच नाही, मग तिने ती काटकसर का सोसायची? २०डब्ल्यू-५० ला ती मर्यादा लागू नाही.

आता खरं महत्त्वाचं. नवीन ऑइल ओतायच्या आधी जुनं नीट बघा, मगच काढा. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) ओढून दोन बोटांत चोळा, नाकाशी न्या, पेट्रोलचा वास आला तर कार्बोरेटर किंवा पेट्रोल पंपातून पेट्रोल खाली उतरलंय, ऑइल भरायच्या झाकणाच्या आत लोण्यासारखा पांढरट थर दिसला तर पाणी आहे, सहा पावसाळे उभ्या असलेल्या गाडीत हे व्हायचंच, पण हेड गॅस्केटही तपासून घ्या. काही लोक फ्लशिंगचं औषध टाकून इंजिन धुतात, ते अजिबात करू नका!! तळाचा घट्ट गाळ एकदम सुटतो आणि पंपाच्या जाळीत जाऊन बसतो, मग ऑइल वर चढतच नाही. त्यापेक्षा इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर उतरवून हाताने साफ करून घ्या, नवीन गॅस्केट लावा, नवीन ऑइल भरा. मग चारही प्लग काढून प्रत्येक भोकात चमचाभर ऑइल सोडा आणि प्लग न लावताच थांबून थांबून सेल्फ मारा, लाल दिवा विझेपर्यंत. तो विझल्यावरच प्लग लावा.

पहिलं ऑइल ५०० किमीला बदला, पुढे वर्षातून एकदा, गाडी कमी फिरली तरीही.

आणि त्या मिस्त्रींना हाताशी धरून ठेवा. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली, आता ही इंजिनं रोज उघडणारे हात कमी होत चाललेत.

प्रश्न: बुलेटचं २०डब्ल्यू-५० घरात पडलंय, ते फियाटमध्ये चालेल का? – एक वाचक, मिरज

उत्तर: चालेल. डब्यावर जासो एमए (मोटरसायकलच्या ऑइलचा जपानी दर्जा) लिहिलेलं बघा, त्यात फॉस्फरस निदान ०.०८ टक्के असावाच लागतो. मात्र सील फुटलेला, अर्धा वापरून ठेवलेला डबा असेल तर नको, त्यात दमट हवा गेलेली असते.