गच्चीवर ट्रॅम्पोलिन?

प्रश्न : मुलगा गुलमर्गला स्कीइंग शिकून आला, आता घरी ट्रॅम्पोलिनवर ३६०ची, म्हणजे हवेत पूर्ण गिरकी घ्यायची, प्रॅक्टिस करायची म्हणतो, गच्ची मोठी आहे, कोणता घेऊ?
– एक आई, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, गच्ची आधी डोक्यातून काढा, उडी तिरकी गेली तर पोरगं थेट खाली जाईल, सपाट अंगण असेल तरच घ्या. आणि गोल नको, लांबट घ्या, गोलावर माणूस सारखा मधे ओढला जातो, लांबट उसळी सरळ नि जोरदार देतो, ऑलिंपिकमधला पण लांबटच असतो, उड्या मारायचा भाग साधारण ४.२८ बाय २.१४ मीटर. खऱ्या स्की घालून अजिबात नाही, त्यांच्या स्टीलच्या कडा मॅट फाडतात. एका वेळी एकच जण. कोलांटी मात्र कोचशिवाय करू देऊ नका हो, मानेवर पडला तर आयुष्यभराचं होतं.