घरपोच डब्याच्या व्यवसायासाठी छापील पत्रक कसे असावे?

आपण दोघी मैत्रिणींनी कोथरूडमध्ये घरपोच जेवणाच्या डब्याचा व्यवसाय सुरू केला आहे, 5,000 रंगीत पत्रके वर्तमानपत्रातून वाटायची आहेत आणि ती वाया जाऊ नयेत म्हणून काय काळजी घ्यावी, असा आपला प्रश्न आहे. मी गेली 22 वर्षे नारायण पेठेत डीटीपी (संगणकावर पानांची मांडणी) आणि ऑफसेट छपाईची कामे करतो. माझ्या हाताखालून गेलेल्या पत्रकांपैकी जी फसली, ती बहुतेक रंगसंगतीमुळे नव्हे, तर ती कोणी वाचायची हे न ठरवताच छपाईला आल्यामुळे फसली.

सकाळी वर्तमानपत्र उघडले की पत्रक खाली पडते आणि उचलणारा ते ठेवतो की रद्दीत टाकतो, हे चहाचा घोट संपायच्या आत ठरते. व्यवसायाचे नाव सर्वांत मोठ्या अक्षरांत छापावे असे प्रत्येकाला वाटते. परंतु ज्या नावाची अजून कोणाला ओळख नाही, ते कितीही मोठे छापले तरी वाचणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. त्या जागी ‘कोथरूड आणि कर्वेनगरमध्ये दुपारी साडेबाराच्या आत घरचा डबा’ असे लिहिले, तर आपला याच्याशी संबंध आहे की नाही हे त्याला लगेच समजते. त्याखाली लोक फोनवर जे विचारतात तेच द्यावे: महिन्याचा दर, पोळ्या किती, रविवारी डबा असतो का, एखाद्या दिवशी नको असेल तर किती वाजेपर्यंत कळवायचे. दर लपवला की लोक विचारायला फोन करतात, असे काही जण सांगतात; माझा अनुभव नेमका उलटा आहे. एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) 14 अंकी नोंदणी क्रमांकही बारीक अक्षरांत का होईना, अवश्य छापावा.

आता आकार, कारण इथे पैसे वाचतात आणि याकडे फारसे कोणी पाहत नाही. आपल्याकडे डेमी कागद 18 × 23 इंचांचा येतो. पत्रक 5.5 × 8.5 इंच ठेवले, तर चारही बाजूंना 3 मिलिमीटर ब्लीड (कापताना कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून बाहेर वाढवलेला रंग) धरूनही एका कागदावर आठ प्रती बसतात. तेच संगणकावर सहज निवडला जाणारा ए-5 आकार घेतला, तर त्याची रुंदी 148 मिलिमीटर, म्हणजे सुमारे 5.83 इंच असल्याने 23 इंचांच्या ओळीत चौथी प्रत थोडक्यात बाहेर जाते आणि सहाच मिळतात. पहिल्या हिशेबाने 5,000 प्रतींना 625 कागद लागतात, दुसऱ्याने 834. मशीनवर वाया जाणारे वेगळे. शिवाय आठही प्रती एकाच प्लेटवर (ज्यावरून छपाई होते त्या पत्र्यावर) असल्यामुळे त्यांतील चार प्रतींवर नोकरी करणाऱ्या किंवा शिकणाऱ्या मुलांसाठी एक मथळा आणि उरलेल्या चारांवर घरी असणाऱ्या ज्येष्ठ दांपत्यांसाठी दुसरा मथळा छापता येतो. याला वेगळा खर्च नाही. कटिंगनंतर त्यांचे गठ्ठे फक्त वेगळे ठेवायला सांगावे. फोन करणाऱ्याला ‘पत्रकावर वर काय लिहिले आहे?’ एवढे विचारले की कोणते पत्रक चालले हे आपोआप कळते.

कागदाबद्दल थोडक्यात सांगतो. वर्तमानपत्रात घालायला 90 जीएसएमचा (एका चौरस मीटरला 90 ग्रॅम वजनाचा) आर्ट पेपर पुरतो. जाड कागद फक्त खर्च वाढवतो. आठवड्याचा मेनू छापून लोकांनी त्यावर पेनने खुणा कराव्यात अशी अपेक्षा असेल, तर मॅपलिथो, म्हणजे वहीसारखा बिनचकाकीचा कागद घ्यावा, कारण गुळगुळीत आर्ट पेपरवर शाई पसरते.

अक्षरांकडे मात्र बारकाईने पाहावे. देवनागरीत वेलांट्या आणि मात्रा वर, तर उकार खाली जागा घेतात, त्यामुळे 12 पॉइंटचे मराठी अक्षर त्याच मापाच्या इंग्रजी अक्षरापेक्षा लहान दिसते आणि ओळींमध्ये अंतरही जास्त लागते. बारीक मजकूर गडद रंगावर पांढऱ्या अक्षरांत देऊ नये. शाई पसरून अनुस्वार आणि रफार बुजतात. काळा मजकूर केवळ काळ्या शाईत असावा. तो छपाईच्या चारही रंगांच्या (निळा, गुलाबी, पिवळा, काळा) मिश्रणातून तयार झाला असेल आणि रजिस्ट्रेशन, म्हणजे ते रंग एकमेकांवर नेमके बसणे, केसभर जरी हलले, तरी प्रत्येक अक्षराला रंगीत कडा दिसू लागते.

फाइल छापखान्यात देण्यापूर्वी अक्षरे कर्व्ह करून, म्हणजे फाँटवर अवलंबून नसलेल्या आकृतींत बदलून घ्यावीत. श्रीलिपीसारखे जुने फाँट आणि युनिकोड फाँट यांची सरमिसळ झाली की दुसऱ्या संगणकावर ‘सर्व’चे काय होईल ते सांगता येत नाही. डब्याचे छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवू नये, डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. साडेपाच इंच रुंदीला 300 डीपीआयने (इंचाला 300 ठिपके) 1,650 पिक्सेल लागतात. मोबाइलवर टवटवीत दिसणारी कोथिंबीर चार शाईंत थोडी मळकट उतरते, हेही गृहीत धरावे.

एकदा मी एका ग्राहकाचे पत्रक स्वतः तपासून मंजूर केले आणि छपाईनंतर कळले की फोन क्रमांकातील एक अंक चुकला होता. आम्ही दोन दिवस बसून 3,000 प्रतींवर दुरुस्तीच्या चिकटपट्ट्या लावल्या. तेव्हापासून मी प्रूफवरचा (छपाईआधी तपासायला काढलेल्या नमुना प्रतीवरचा) क्रमांक वाचून पाहत नाही, तर फोनवर दाबून लावून पाहतो, आणि क्यूआर कोडही स्क्रीनवर नव्हे, तर छापलेल्या प्रुफावर तपासतो. तो किमान 2 सेंटिमीटरचा असावा.

शेवटी वाटपाविषयी. डब्याचा हिशेब लोक एक तारखेपासून धरतात, म्हणून महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात पत्रके टाकावीत. वर्तमानपत्र विक्रेत्याकडे सगळ्या 5,000 प्रती एकदम देऊ नयेत. आधी आपल्या स्वयंपाकघराजवळच्या सोसायट्यांमध्ये 1,000 जाऊ द्याव्यात. किती फोन येतात आणि त्यांतले किती डबे आपल्याला वेळेवर पोहोचवता येतात, हे पाहून पुढचा गठ्ठा सोडावा.